हजेरीपटापासून अल्गोरिदमपर्यंत : कामगाराची नोंद आणि ती वाचण्याचा अधिकार

१

जुन्या दप्तरांचा अभ्यास करणारास अनुभवानें एक गोष्ट कळून येते, ती ही कीं, सत्ता जितकी शस्त्रांत असते तितकीच वहींत असते. कोणाचें नांव कोणत्या सदरांत घातलें आहे, कोणापुढें गैरहजेरी मांडली आहे, कोणाचें वेतन कशाबद्दल कापलें आहे, आणि हें सर्व लिहिणारा कोणाच्या पदरचा, एवढ्या प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे त्या काळच्या व्यवस्थेचें पुष्कळसें स्वरूप उघड होतें. म्हणूनच सनदा व तहनामे यांच्याबरोबर हजेरीपट व ताळेबंद यांसही संशोधक महत्त्व देत आले आहेत.

आपल्या डोळ्यांदेखत या नोंदवहीचें एक नवें रूप अवतरलें आहे. उबर ही अमेरिकेंत २००९ सालीं निघालेली कंपनी २०१३ सालीं भारतांत आली. स्विगी २०१४ सालीं निघाली. आज पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर पाठीला चौकोनी पेटी बांधून अन्न पोंचविणारा तरुण, किंवा फोनवरील ॲपनें बोलावितांच दारीं येणारा मोटारचालक, यांच्यावर मुकादम नाहीं, हजेरी घेणारा कारकून नाहीं. तरी त्यांच्या प्रत्येक मिनिटाची नोंद होत असते. त्या नोंदीवरून काम कोणास द्यावयाचें, दर किती द्यावयाचा, आणि कोणास दूर करावयाचें, हें ठरविणारी जी गणिती नियमावली तिला अल्गोरिदम म्हणतात. नीति आयोगाच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणें अशा प्रकारच्या सुट्या कामावर उपजीविका करणारे लोक २०२०-२१ सालीं भारतांत ७७ लक्ष होते, आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटि ३५ लक्षांवर जाईल असा त्या अहवालाचा अंदाज आहे.

अल्गोरिदम हा शब्द कानास परका वाटला तरी त्याचें मूळ आपल्या अंकगणिताशीं निगडित आहे. इसवी सनाच्या नवव्या शतकांत बगदाद येथें अल्-ख्वारिज्मी नांवाचा गणिती होऊन गेला. भारतीय अंकांनीं हिशेब कसा करावा यावर त्यानें अरबी ग्रंथ लिहिला. मूळ अरबी ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. बाराव्या शतकांतील लॅटिन भाषांतर मात्र शिल्लक राहिलें. त्याची एक हस्तलिखित प्रत केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयांत असून १८५७ सालीं तिचा पाठ रोम येथें छापला गेला. लॅटिनमध्यें ग्रंथकर्त्याच्या नांवाचें जें रूप झालें, त्यावरूनच हा शब्द निघाला. ती रीत पाटीवर मांडून दाखवितां येण्याजोगी, आणि कोणीही पडताळून पाहावी अशी होती. आज तोच शब्द ज्या रीतीला लावितात ती व्यापारी गुपित म्हणून बंद ठेवलेली असते.

प्रस्तुत लेखांत एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, मजुराची प्रतिकार करण्याची शक्ति केवळ त्याच्या संख्येवर किंवा धैर्यावर अवलंबून नसते. ज्या नोंदीवरून त्याचा न्याय होतो ती त्यास पाहतां येते काय, तिच्यांत त्याचें कारण लिहिण्यास जागा आहे काय, आणि ती लिहिणारा माणूस त्यास गांठतां येतो काय, या तीन गोष्टींवर ती मोठ्या प्रमाणांत अवलंबून असते. आजच्या यांत्रिक व्यवस्थापनानें या तीनही गोष्टींना धक्का दिला आहे, आणि आजचा कामगारांचा झगडा बव्हंशीं त्याच परत मिळविण्याचा आहे.

२

मजुरांच्या हजेरीचे अस्सल व अति प्राचीन लेख पाहूं गेल्यास इजिप्तकडे वळावें लागतें. थीब्ज नगरासमोर, नाईल नदीच्या पश्चिम तीरास, दैर-अल्-मदीना या ठिकाणीं राजांचीं थडगीं कोरणाऱ्या कारागिरांची वसाहत होती. तेथें सांपडलेली चुनखडीची एक मोठी कपची ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. तिच्यावर दुसऱ्या रामसेस राजाच्या चाळिसाव्या वर्षाचा हजेरीपट लिहिलेला आहे. चाळीस कारागिरांचीं नांवें, सुमारें २८० दिवसांचा काळ, आणि प्रत्येकाच्या गैरहजेरीच्या तारखा असा त्याचा आराखडा आहे. परंतु त्यांतील खरें महत्त्व आणखी एका गोष्टींत आहे. तारखेबरोबर कारणही लिहिलेलें आहे : अमका आजारी, अमक्यास विंचू चावला, अमका बीर गाळीत होता, अमक्यास वरिष्ठानें आपल्या कामावर नेलें. सव्वातीन हजार वर्षांपूर्वींच्या लेखकानें गैरहजेरी ही नुसती खूण मानली नाहीं. तिच्या पाठीमागें माणसाचा कांहीं प्रसंग असतो हें गृहीत धरून त्यास पटावर जागा दिली. यास आपण पुढें सोयीसाठीं ‘कारणाचें सदर’ म्हणूं.

याच वसाहतींत, तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षीं, म्हणजे इसवी सनापूर्वीं बाराव्या शतकांत, धान्यरूपी वेतन थकलें तेव्हां कारागिरांनीं काम टाकलें व ते जवळच्या देवळांपाशीं जाऊन बसले. उपासमारीमुळें आपण येथें आलों असें त्यांचें म्हणणें होतें. ही हकीकत ज्या पपायरसावर लिहिलेली आहे तो तुरिन येथील संग्रहालयांत आहे. संपाची लेखी हकीकत म्हणून याहून जुना कागद प्रसिद्ध नाहीं. तो लिहिणारा अमेननख्त हा त्याच वसाहतींतील लेखक होता. ज्यांची नोंद करावयाची त्यांच्यांतच नोंद करणारा राहत होता, त्यांची भाषा बोलत होता, व त्यांची तक्रार वर पोंचविणें हेंही त्याच्या कामांत येत होतें.

३

आपल्याकडे या विषयाचा सर्वांत सविस्तर ग्रंथ म्हणजे कौटिलीय अर्थशास्त्र. त्याची हस्तलिखित प्रत १९०५ सालीं म्हैसूर येथील प्राच्य ग्रंथालयांत पं. शामशास्त्री यांच्या हातीं आली व १९०९ सालीं मूळ ग्रंथ छापला गेला. पुढें १९६० सालीं प्रा. कंगले यांची चिकित्सित आवृत्ति मुंबई विद्यापीठानें काढली, हें वाचकांस ठाऊकच आहे. ग्रंथाच्या काळाविषयीं मतभेद असले तरी प्रस्तुत मुद्द्यास त्यामुळें बाध येत नाहीं.

दुसऱ्या अधिकरणांत सूत्राध्यक्षाचें प्रकरण आहे. सूत कातणाऱ्या स्त्रियांस वेतन कसें द्यावें, तें सुताचा बारीकपणा, जाडी व मध्यम प्रत पाहून ठरवावें, सूत कमी भरल्यास वेतन कमी करावें, असा त्याचा काटेकोर हिशेब आहे. कामचुकारपणाबद्दल तेथें सांगितलेल्या शिक्षा तर क्रूर आहेत. वेतन घेऊन काम न करणाऱ्या स्त्रीचा अंगठा तोडण्यापर्यंत त्यांची मजल जाते. तेव्हां या ग्रंथास मजुरांचा कैवारी ठरविण्याचें कारण नाहीं. परंतु त्याच प्रकरणांत अधिकाऱ्यासही दंड सांगितला आहे. सूत देण्यास आलेल्या स्त्रीच्या मुखाकडे पाहणाऱ्यास किंवा कामाखेरीज अन्य भाषण करणाऱ्यास प्रथम साहसदंड, आणि वेतनाची वेळ चुकविल्यास त्याहून मोठा मध्यम साहसदंड. मोजमाप घेणाराही मोजला जातो, हें यांतील तत्त्व आहे.

तिसऱ्या अधिकरणांत दास व कर्मकर यांचें प्रकरण आहे, तें याहून महत्त्वाचें. मजुराचा कामाचा करार शेजाऱ्यांस माहीत असावा. वेतन ठरल्याप्रमाणें मिळावें. तंटा पडल्यास साक्षीदारांच्या सांगण्यावरून निर्णय व्हावा. साक्षीदार नसतील तर जेथें काम झालें तेथें चौकशी करावी, असा तेथील विधि आहे. याचा अर्थ असा कीं, धन्याची वही हा एकमेव पुरावा मानलेला नाहीं. काम आणि वेतन यांचा संबंध चार लोकांत उघड असावा, म्हणजे तंटा पडल्यास बोलण्यास कोणी तरी असेल, ही त्यांतील दृष्टि आहे.

नोंद एका हातांत न ठेवण्याचें हेंच धोरण शिवकालीन गडांच्या व्यवस्थेंत दिसतें. कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या बखरींत वर्णिलेली हवालदार, सबनीस व कारखाननीस यांची रचना पाहावी. तेथें प्रश्न मजुरांचा नसून गडावरील शिबंदीचा व सामानाचा होता. तथापि हजेरी लिहिणारा एक, कोठार सांभाळणारा दुसरा आणि हुकूम चालविणारा तिसरा, अशी वांटणी केल्यामुळें एकानें लिहिलेलें दुसऱ्यास पाहावें लागे. ज्या वहीस दुसरा वाचक नाहीं ती वही राज्यासही धोक्याची, हें त्या कारभाऱ्यांस पक्कें कळलें होतें.

४

ही जुनी समज यंत्रयुगांत कशी लोपली व कामगारांनीं ती झगडून कशी परत मिळविली, याचें उत्तम उदाहरण मुंबईच्या गिरण्यांचें आहे. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं गिरणी काढली. तीस वर्षांनीं, १८८४ सालीं, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखालीं गिरणीकामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपांच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यांतील मागण्या पाहाव्या : रविवारची सुट्टी, दुपारीं अर्धा तास विसांवा, आणि महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत. सूत्राध्यक्षास वेतनाची वेळ चुकविल्याबद्दल दंड सांगणाऱ्या देशांत, पगार केव्हां मिळेल एवढें ठरवून घेण्यासाठीं अर्ज करावा लागत होता.

गिरणींत कामगारावर प्रत्यक्ष सत्ता मुकादमाची, म्हणजे जॉबरची. कामावर घेणें, काढणें, बदलीवाल्यास दिवस देणें, मस्टरांत खाडा लावणें हें सर्व त्याच्या हातीं. तो दस्तुरी घेई, छळ करी. त्याची आठवण गोड करून सांगण्याचें कारण नाहीं. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची जी चाल कांहीं गिरण्यांत होती तिला ‘डबल खाडा’ म्हणत. बिघडलेलें कापड विणकराच्याच माथीं मारून त्याची किंमत पगारांतून वळती करीत. परंतु डॉ. राजनारायण चंदावरकर यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, मुकादमाची सत्ता गिरणीबाहेरील वस्तीवरही अवलंबून होती. तो त्याच गिरणगांवांत राही. माणसें मिळविण्यासाठीं त्यास लोकांशीं संबंध ठेवावे लागत. फार ताणलें तर त्याच लोकांचा रोष त्यास सोसावा लागे. जुलूम करणाराचें घर ठाऊक असणें ही दुर्बळाच्या हातची लहानशी कां होईना, पण एक शक्ति होती.

याच सुमारास अमेरिकेंत कामाच्या मोजमापाचें एक नवें शास्त्र उदयास आलें. फ्रेडरिक टेलर यानें हातांत सेकंदाचें घड्याळ घेऊन मजुराच्या प्रत्येक हालचालीस किती वेळ लागतो तें मोजावें, त्यावरून कामाची ‘योग्य’ रीत व दर ठरवावा, आणि विचार करण्याचें काम मजुराकडून काढून कचेरीकडे द्यावें, अशी पद्धति प्रतिपादिली. त्याचा ग्रंथ १९११ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारांतील ओतकाम करणाऱ्या कारागिरांनीं घड्याळाखालीं काम करण्याचें नाकारून काम सोडलें. अमेरिकन काँग्रेसनें चौकशी समिति नेमली; टेलर याची तिच्यापुढें साक्ष झाली; आणि १९१५ सालापासून सरकारी शस्त्रागारांत घड्याळानें वेळ मोजण्यास खर्चाच्या कायद्यांतून बंदी घातली गेली, ती १९४९ पर्यंत टिकली. घड्याळ धरणारा माणूस समोर उभा होता, म्हणून त्यास नकार देतां आला.

टेलरच्या विचारांचा वारा मुंबईसही लागला. दोन मागांऐवजीं तीन माग एका विणकरानें चालवावे, कताईखात्यांत एका माणसानें दोन बाजू सांभाळाव्या, अशी ‘कार्यक्षमतेची’ योजना ससून समूहाच्या गिरण्यांत आली. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपाच्या मुळाशीं हें एक मोठें कारण होतें. सुमारें दीड लक्ष कामगार त्यांत होते. संपाच्या शेवटीं न्या. फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली गेली, आणि तिच्यापुढें कामगारांच्या सतरा मागण्या, पगाराचें प्रमाणीकरण व मालकांची नियमावली या सर्वांची छाननी झाली. गिरणीच्या दारांआड जो नियम होता तो छापील कागदावर आला. आज १९२८ च्या गिरण्यांतील कामाचें स्वरूप आपणांस कळतें तें या व अशा चौकशांच्या अहवालांवरून. म्हणजे तो पुरावा निर्माण होण्यास संप कारण झाला.

पुढील कायदे याच अनुभवांतून आले. १९३६ च्या वेतन अधिनियमानें असें ठरविलें कीं, कोणत्या कृत्याबद्दल दंड होऊं शकतो याची मंजूर यादी कारखान्यांत लावलेली असावी. दंडापूर्वीं कामगारास आपलें कारण सांगण्याची संधि द्यावी. दंड रुपयास अर्ध्या आण्याहून अधिक नसावा. आणि प्रत्येक दंडाची नोंद वहींत राहून ती रक्कम कामगारांच्याच हितासाठीं खर्चावी. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या अधिनियमानें नियमावली सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेऊन ती इंग्रजींत व बहुसंख्य कामगारांस समजणाऱ्या भाषेंत फलकावर लावणें मालकावर बंधनकारक केलें. कारणाचें सदर, साक्षी, आणि वाचतां येणारा नियम, या तिन्ही जुन्या गोष्टी अशा रीतीनें कायद्यांत पुन्हां आल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या दोन्ही अधिनियमांची जागा नव्या श्रमसंहितांनीं घेतली आहे. परंतु ज्या कामगारास ‘कामगार’ म्हणून मान्यता आहे त्याच्यापुरतें तें तत्त्व त्यांत राहिलें आहे. अडचण उत्पन्न होते ती येथेंच.

५

ॲपवर काम करणारा मनुष्य कंपनीच्या कागदांत कामगार नसतो. त्यास ‘भागीदार’ म्हणतात. नोकरीचा संबंधच नाहीं असें म्हटलें म्हणजे दंडाची यादी लावण्याची, कारण ऐकून घेण्याची, नियम फलकावर लावण्याची जबाबदारी राहत नाहीं. पण सत्ता तर चालतेच. गिऱ्हाइकानें दिलेले तारे, किती कामें घेतलीं व किती नाकारलीं याचें प्रमाण, पोंचविण्यास लागलेला वेळ, या सर्वांचा अंक बनतो. त्या अंकावरून पुढचें काम येतें किंवा येत नाहीं. ठराविक फेऱ्या पुऱ्या केल्यास मिळणारा ‘इन्सेन्टिव्ह’ कधीं वाढतो, कधीं घटतो. आणि एके दिवशीं फोन उघडावा तों ‘आयडी ब्लॉक’ झालेला असतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें १९ फेब्रुवारी २०२१ रोजीं उबरच्या चालकांविषयीं निकाल देतांना हीच गोष्ट पाहिली : भाडें कंपनी ठरविते, कराराच्या अटी कंपनी ठरविते, काम नाकारल्यास कंपनी अडविते, आणि ताऱ्यांवरून कंपनी पारख करते, तेव्हां कागदावर कांहींही लिहिलें असलें तरी हे लोक कामगारच होत.

या व्यवस्थेचा एक गुणही नमूद केला पाहिजे. यंत्र दस्तुरी मागत नाहीं, जात विचारीत नाहीं, वशिला ओळखीत नाहीं. मुकादमाच्या हाताखालीं पिचलेल्यास हा मोठा दिलासा वाटला तर नवल नाहीं. तथापि मुकादमाबरोबर त्याचें घरही गेलें. तक्रार कोणाकडे न्यावी हें कळत नाहीं. फोनवर ठरीव उत्तर येतें. नियम रातोरात बदलतो व जुना नियम कोठें शिल्लक राहत नाहीं. दोघां चालकांस एकाच वेळीं वेगळा दर दिसूं शकतो, म्हणून तुलना करून ‘आपणां सर्वांवर हा अन्याय आहे’ असें म्हणणेंही कठीण होतें. गिरणीचा दरवाजा नाहीं, पाळी सुटण्याची वेळ नाहीं, जेथें शेंकडों माणसें रोज एकमेकांस भेटतील अशी जागा नाहीं.

यांतील सर्वांत गंभीर गोष्ट इटलींतील एका निकालानें उघड झाली. अन्न पोंचविणाऱ्या डिलिव्हरू कंपनीच्या पद्धतींत, ठरलेल्या पाळीस जो वेळेवर हजर राहत नसे त्याचा विश्वसनीयतेचा अंक घटे, व अंक घटला कीं चांगल्या पाळ्या निवडण्याची त्याची संधि मागें पडे. बोलोन्या येथील न्यायालयानें ३१ डिसेंबर २०२० रोजीं असें ठरविलें कीं, गैरहजेरी आजारपणामुळें झाली, मुलाच्या शुश्रूषेमुळें झाली, कीं संपांत भाग घेतल्यामुळें झाली, याचा भेद ही पद्धति करीत नाहीं, आणि म्हणून ती भेदभाव करणारी आहे. कामगार संघटनांस ५० हजार युरो नुकसानभरपाई देण्याचा हुकूम झाला. दैर-अल्-मदीनाच्या कपचीवर जें कारणाचें सदर होतें तें येथें नव्हतें. संप हा निषेधाचा प्रकार न राहतां अंकांतील एक घट झाला. कोणी धमकी दिली नाहीं, कोणास कामावरून काढलें नाहीं, तरी संपकऱ्यास शिक्षा होऊन गेली.

६

तथापि कामगार स्वस्थ बसले आहेत असें नाहीं. त्यांच्या प्रतिकाराचे दोन प्रकार स्पष्ट दिसतात. पहिला युक्तीचा. अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील रेगन विमानतळावर चालक एकाच वेळीं आपापलीं ॲप बंद करून गाड्यांचा तुटवडा भासवीत, व भाडें चढलें कीं पुन्हां सुरू करीत, असें २०१९ सालीं उघडकीस आलें. इंडोनेशियांत दुचाकीवरून उतारू नेणारे चालक आपली गाडी जेथें नाहीं तेथें आहे असें भासविणारीं ॲप वापरूं लागले. त्यांस त्यांनीं ‘तुयुल’ असें नांव दिलें. तुयुल म्हणजे तेथील लोककथांतील, धन्यासाठीं पैसे चोरून आणणारें बालरूपी भूत. शिकागोच्या आसपास तर २०२० सालीं दुकानांजवळच्या झाडांस फोन टांगून ठेवलेले आढळले. दुकानाच्या अगदीं जवळ असल्याचें भासवून काम इतरांच्या आधीं मिळवावें हा हेतु. पहिल्या युक्तींत एकी आहे. शेवटचीत एका मजुराचा घांस दुसऱ्यानें पळविणें आहे. आणि युक्ति कोणतीही असो, नियम बदलला कीं ती संपते.

दुसरा प्रकार उघड झगड्याचा. मुंबईंत १८९० च्या जूनमध्यें गिरणीकामगारांस रविवारची सुट्टी मिळाली होती. त्याच शहरांत २०१८ च्या ऑक्टोबरमध्यें ओला व उबरच्या चालकांनीं दरांसाठीं कित्येक दिवस गाड्या बंद ठेवल्या. २०२१ च्या ऑक्टोबरमध्यें गुरुग्राम येथें अर्बन कंपनीच्या ॲपवरून घरोघर जाऊन सौंदर्यसेवा करणाऱ्या स्त्रियांनीं कमिशन व तारांकनपद्धति यांविरुद्ध धरणें धरलें. डिसेंबरमध्यें कंपनी त्यांच्याविरुद्ध न्यायालयांत गेली. विखुरलेल्या, एकमेकींस कामावर कधींही न भेटणाऱ्या स्त्रिया फोनवरील निरोपांतून एकत्र येऊं शकतात, हें त्या प्रसंगानें दिसून आलें. ज्या साधनानें त्यांस वेगळें ठेवलें, त्याच साधनाचा त्यांनीं जमण्यासाठीं उपयोग केला.

या उघड झगड्याची दिशा आतां हळूहळू दप्तराकडे वळली आहे. ब्रिटनमधील कांहीं चालकांनीं आपल्याविषयींची माहिती व निर्णयाचीं कारणें मागितलीं. प्रकरण ॲमस्टरडॅमला गेलें, आणि तेथील अपील न्यायालयानें ४ एप्रिल २०२३ रोजीं उबर व आपल्या देशांत निघालेली ओला या दोन्ही कंपन्यांस, यंत्रानें घेतलेल्या निर्णयांची माहिती चालकांस देण्यास फर्माविलें. ओलाच्या बाबतींत, चालक फसवणूक करील असा संशय दर्शविणारा जो अंक ठेवला जाई, तोही उघड करावयाच्या माहितींत आला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानें १ जानेवारी २०२२ पासून मोठ्या गोदामांतील कामाचें प्रमाण कामगारांस लेखी कळविणें भाग पाडलें, आणि जेवणाची सुट्टी, विसांवा किंवा शौचास जाणें अशक्य होईल असें प्रमाण निषिद्ध केलें. युरोपीय संघानें २३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केलेल्या निर्देशाप्रमाणें कामावरून दूर करण्याचा निर्णय माणसानेंच घेतला पाहिजे, आणि कोण संघटित होण्याच्या बेतांत आहे याचें भाकित करण्यासाठीं माहितीचा उपयोग करण्यास मनाई आहे. सभासद राष्ट्रांस त्याच्या अंमलासाठीं २ डिसेंबर २०२६ ही मुदत दिली आहे.

आपल्या देशांत सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिनें अशा कामगारांची व्याख्या प्रथम केली; ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली. राजस्थाननें २०२३ सालीं त्यांची नोंदणी व कल्याण यांसाठीं स्वतंत्र कायदा केला. कर्नाटकाचा २०२५ चा कायदा एक पाऊल पुढें जातो : यांत्रिक देखरेख व निर्णय यांविषयीं कामगारास माहिती मिळावी, आणि त्यास दूर करण्यापूर्वीं लेखी कारण देऊन १४ दिवसांची सूचना द्यावी, असें त्यांत आहे. ‘लेखी कारण’ हे दोन शब्द वाचून इतिहासाच्या अभ्यासकास जुना ओळखीचा भेटल्यासारखें वाटावें. कारणाचें सदर पटावर पुन्हां आलें. आतां फक्त त्याची दुसरी बाजू, म्हणजे कामगारास आपलें कारण लिहिण्याची जागा, मिळावयाची आहे.

७

येथवर जें पाहिलें त्यावरून एक गोष्ट संशोधकांनीं आपल्या ध्यानांत घ्यावी. तुरिनचा पपायरस, वॉटरटाउनच्या चौकशीचे कागद, फॉसेट समितीचा अहवाल, बोलोन्याचा निकाल, या चारांमध्यें तीन सहस्र वर्षांचें अंतर असलें तरी त्यांचा उगम एकच आहे. मजुरांनीं ‘कां?’ असें विचारलें, आणि उत्तर देण्यासाठीं सत्तेस आपली रीत कागदावर मांडावी लागली. जेथें कोणी विचारलें नाहीं तेथें दप्तर मुकें राहिलें.

अल्गोरिदमचें दप्तर तर मुकें राहण्यासाठींच बनलेलें आहे. ॲपची नवी आवृत्ति आली कीं कालचा दर, कालची अट, कालचा संदेश पुसला जातो. कसर लागलेल्या पोथीचा निदान सांगाडा राहतो, येथें तोही राहत नाहीं. शंभर वर्षांनीं आपल्या काळाचा इतिहास लिहूं पाहणारास कंपन्यांचीं जाहिरातपत्रकें सांपडतील, पण ज्या नियमाखालीं लक्षावधि माणसें उन्हापावसांत धांवलीं तो नियम सांपडणार नाहीं. पोथ्या, फर्मानें व बखरी यांसाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या संग्राहकांनीं या कामीं उदासीन राहणें योग्य होणार नाहीं. फोनच्या पडद्यावरील दरपत्रकाचें छायाचित्र, खातें बंद केल्याचा संदेश, दंडाची सूचना, संपाचें आवाहन करणारा निरोप, धरण्याच्या ठिकाणीं वांटलेलें पत्रक, हे आजचे अस्सल कागद आहेत. ते देणाराचें नांव गुप्त राखून, तारीख, गांव व ॲपची आवृत्ति टिपून, छापील प्रतीसह ते संग्रहीं ठेवावे. पुणें, मुंबई, नागपूर व नाशिक येथील संग्रहालयांनीं प्रत्येकीं एक रुमाल जरी या विषयासाठीं वेगळा राखला, तरी पुढील पिढीच्या अभ्यासकांस आरंभ करण्यापुरतें साधन मिळेल. आणि आजच्या कामगारासही त्याचा उपयोग आहे. कारण उद्यां न्यायालयांत उभें राहतांना कालचा नियम काय होता हें दाखविणारा कागद त्याच्या हातीं असेल.